मागून घेतलेला डावा कौल

फोन आला तेव्हा माझ्या हातात एका बाईचा दंड होता. कुडाळच्या ज्या लॅबमध्ये मी काम करते तिथे सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची रांग असते, आणि शीर सापडलेली असताना मी फोन घेत नाही. तो वाजून थांबला, परत वाजला. सुई काढली, कापूस दाबून धरा म्हणून सांगितलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून आई म्हणाली, "गो, बाबा उठणत नाय." रडणं नाही, ओरडणं नाही... गाय आज दूध देत नाही असं सांगावं, तसं तिनं सांगितलं. मी उरलेल्या दोघांचं रक्त काढलं, नळ्यांवर नावं लिहिली आणि मग एसटी पकडली. का थांबले, ते आजही मला सांगता येत नाही. गेलेला माणूस थांबणारच होता, असा काहीतरी हिशेब डोक्याने केला असेल.

त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने बाबांच्या आवाजाबद्दल सांगितलं. तसा आवाज पंचक्रोशीत नव्हता हे खरंच आहे. मीही त्या आवाजाबद्दल लिहिणार आहे, पण त्या आवाजाने काय केलं तेही लिहिणार आहे. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी वाईट लिहीत नाहीये. बाबांनी स्वतः देवळात उभं राहून जे सांगितलं तेच लिहितेय. ते मी गाळलं तर त्यांनी जे एवढ्या कष्टाने उघडं केलं, ते त्यांच्या मुलीनेच परत झाकल्यासारखं होईल.

आमचं घर मसुऱ्याच्या अलीकडे, खाडीपासून थोडं आत. भाताची दोन कुणगी, म्हणजे खाचरं, आपली, बाकीची दुसऱ्याची, अर्ध्या वाट्याने केलेली. वर काजूची दहा-बारा झाडं. बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ बाळाकाका, दोघांनी मिळून ती शेती ओढायची. मातीच्या भिंती, पावसाच्या दिशेला माडाची झापं बांधलेली, आणि श्रावण संपेपर्यंत सकाळी पेज, दुपारी पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. एक बांगडा पाच माणसांत. आई त्याचे तुकडे करायची तेव्हा तिच्या सुरीकडे कुणी बघायचं नाही, कारण बघितलं की डोळे आपोआप मोठ्या तुकड्यावर जायचे. बाबा चौथी शिकलेले, काका सहावी. घरात सगळ्यांत जास्त शिकलेलं माणूस म्हणजे काकाची बायको, सुमनकाकी. तिचं माहेर इन्सुलीला. दहावी पास. माझा त्रैराशिकाचा गोंधळ तिनेच सोडवला, चुलीपुढे बसून, कोळशाने जमिनीवर आकडे लिहून. पण लग्नाला चार वर्षं होऊनही ती बाबांशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. थोरल्या दिरासमोर भावजय बोलत नसे, अशी आमच्याकडची रीत. काही सांगायचं झालं तर ती दाराआड उभी राहायची आणि मला म्हणायची, "बाबांक सांग..."

ज्यांना आमच्याकडची पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायला हव्यात. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेली हाक. एक माणूस मोठ्याने मागणं मागतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आमच्या गावचं गाऱ्हाणं बाबा घालायचे. जत्रेला, पेरणीला, कुणाची होडी पाण्यात उतरायची असली तर, कुणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागली तर. एरवी गुडघाभर चिखलात वाकलेला माणूस, पण देवळात उभा राहिला की ताठ व्हायचा, आणि आवाज असा निघायचा की पोरं खेळ थांबवायची. दुसरी गोष्ट कौल. देवीच्या पाषाणाला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. उजवा कौल, डावा कौल. लग्नं ठरतात, घरं बांधली जातात, भांडणं मिटतात त्याच्यावर. मी त्याची चेष्टा करत नाही. पुष्कळ माणसांना त्याने धीर दिलेला मी पाहिलाय.

मी सातवीत होते. लावणी ऐन भरात आलेली. बाळाकाकाला ताप आला. पहिल्या दिवशी तो तापातच लावणीला गेला, दुसऱ्या दिवशी उठवेना. पोटऱ्या दुखतात म्हणून कण्हायचा, कुणी हात लावला तरी ओरडायचा. तिसऱ्या सकाळी काकी दाराआड उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांक सांग, काकांचे डोळे लाल झालेत. माका बरा लक्षण दिसणा नाय. दवाखान्यात न्हेवया." मी ओसरीवर जाऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबा पायाला गोणपाट गुंडाळत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "काकी म्हणता?" मी म्हटलं, हो. थोडा वेळ ते कुणग्याकडे बघत राहिले. पाणी भरलेलं होतं, तरवा, म्हणजे लावायची भाताची रोपं, काढून ठेवलेला होता. मग म्हणाले, "कौल लावतंय."

कौल डावा आला. बाबा देवळातून येऊन आईला म्हणाले, "देवी नाय म्हणता. घरातच बरो होतलो." आणि शेतात गेले. पाचव्या दिवशी काकाचे डोळे पिवळे पडले, लघवी बंद झाली. तेव्हा त्याला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस तो तिथे होता. परत आणला तो... चादरीत गुंडाळूनच आणला. माझ्या लक्षात राहिलंय ते एवढंच, की लावणी पुरी झाली होती. एकही तरवा सुकला नव्हता.

त्या वर्षी नंतर भातावर करपा पडला, गाय गाभडली. एकामागून एक असं काही झालं की आमच्याकडे माणसं कारण शोधतात, आणि कारण सापडायला फार लांब जावं लागत नाही. तरणा मुलगा जातो, बायको मागे राहते, पदरात मूल नाही. विहिरीवर बायका बोलायला लागल्या. पांढऱ्या पायाची. आमच्या घरात कुणी तसं मोठ्याने म्हणालं नाही, पण कुणी नाहीही म्हणालं नाही. मग मार्गशीर्षातली जत्रा आली. सगळा गाव देवळात. बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं, नेहमीचं सगळं मागून झालं, आणि मग ते थांबले. त्यांनी आवाज वर चढवला... "आणि म्हाराजा, आमच्या घरात भायरून जा काय वाकडा पाऊल इला आसात, ता ज्या वाटेन इला त्या वाटेन परतव म्हाराजा!" आणि दोन-तीनशे माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हणाले. सवयीने तोंडातून निघालं. काकी बायकांत उभी होती, माझ्यापासून चार हातांवर. तिच्या हातात ओटीचं ताट होतं; आमच्या देवीची ओटी विधवाही भरतात. आजूबाजूच्या बायका तिच्यापासून जराशा सरकल्या, धक्का लागू नये म्हणून सरकतात तशा. ओटी न भरताच ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी इन्सुलीहून तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. जाताना तिने माझ्या वहीत राहिलेलं एक गणित पुरं करून ठेवलं होतं.

आता माझ्याबद्दलचं एक सांगते. काकीची खोली रिकामी झाली, ती मला मिळाली. खिडकी, एक बाकडं आणि दार लावून घेता येण्याची सोय. त्या खोलीत मी दहावी केली, बारावी केली, त्या खोलीत बसून बीएस्सी झाले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही. पण ती पदवी मी कुणाच्या खोलीत बसून मिळवली, हे त्या सगळ्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. खोली मोकळी होती म्हणून मिळाली, असंच मी धरून चालले होते.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक जंतू शिकवला. उंदराच्या लघवीतून शेतातल्या पाण्यात, पाण्यातून पायाच्या चिरेतून माणसात. ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे, कावीळ. मी वर्गात बसून वाचत होते आणि एकेका ओळीवर बाळाकाका समोर येत होता. त्याच शनिवारी कॉलेजातून घरी आले आणि जेवताना बाबांना म्हटलं, "काका देवीच्या कोपाने नाही गेला. कुणाच्या पायगुणानेही नाही. उंदराच्या मुताने गेला."

बाबा हसले. "कॉलेजात ह्याच शिकवतत? उंदराच्या मुतान माणूस मरता? मगे मी कित्याक जितो आसंय? मीय त्याच चिखलात होतंय."

"सगळ्यांनाच होतं असं नाही."

"मगे तेकाच कित्याक झाला? सांग. पुस्तकात आसा काय ता?"

पुस्तकात ते नव्हतं. मी चिडून ताटावरून उठले. आई म्हणाली, "शिकान चेडू शाणा झाला, पण अन्नाक लाथ मारूक शिकला." वाद मीच जिंकलाय याची मला खात्री होती, आणि तेवढ्यावर मी समाधानी होते. इन्सुली एसटीने दोन तासांवर. काकीला जाऊन हे सांगावं, तुझा काही दोष नव्हता एवढं तरी म्हणावं, हे मला सुचलं नाही. मला बाबांना हरवायचं होतं. काकीला सोडवायचं आहे, हे माझ्या यादीत कुठेच नव्हतं.

पुढे लॅबचं शिक्षण झालं, कुडाळला नोकरी लागली. चार वर्षांपूर्वी, अशाच लावणीत, आईचा फोन आला की बाबांना ताप आहे आणि ते कौल लावायला निघालेत. मी रिक्षा घेऊन गेले. बाबा देवळाच्या पायरीवर बसलेले, चढायला जमत नव्हतं म्हणून. मी त्यांना दोन्ही बगलांत धरून रिक्षात घातलं. त्यांचं रक्त मीच काढलं. त्यांचे हात एवढे राकट, पण आतली शीर अगदी मऊ होती. रिपोर्टमध्ये तोच जंतू निघाला तेव्हा मला नवल वाटलं नाही.

त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर तरुण होता. चौथ्या दिवशी ताप उतरल्यावर तो म्हणाला, "काका, मुलीने वेळेत आणलं तुम्हाला. वेळेत आलेली माणसं बहुतेक बरी होतात." बाबा उशीवरून थोडे उठले. मग दवाखान्यात बोलतात तसल्या शुद्ध मराठीत, एकेक शब्द मोजून त्यांनी विचारलं, "आणि डोळे लाल झाले, पण पिवळे नाही झाले... असा माणूस आणला तर?" डॉक्टर म्हणाला, "तर वाचेल की. बऱ्याच वेळा वाचतोच." तो पुढच्या खाटेकडे गेला. बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. जेवण आलं, त्यांनी ताटाला हात लावला नाही. संध्याकाळी मी उठायला लागले तेव्हा ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "रव जरा." मी बसले.

"त्या दिवशी तुया सांगूक इल्लंस, काकी म्हणता दवाखान्यात न्हेवया. आठवता?"

"आठवतं."

"माका कळला होता. तेचा कण्हणा मी रात्रभर आयकत होतंय. पण तेका घेवन गेलो आसतंय तर दोघांचे हात कमी. तरवा सुकलो आसतो..." त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. "देवळात गेलंय तेव्हा माका डावोच कौल व्हयो होतो. डावी पाकळी मी सैल लावलंय. मुद्दाम म्हणूक येवचा नाय... पण सैल लावलंय."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. बाबांनी केलेली चूक अज्ञानातून झाली, असं मी इतकी वर्षं समजत होते. शिकलेल्या माणसाला न शिकलेल्या बापाबद्दल असं समजणं सोयीचं असतं. पण ते अज्ञान नव्हतं. त्यांना माहीत होतं, आणि जे माहीत होतं ते दुसऱ्याकडून नाही म्हणवून घ्यायला ते देवळात गेले होते. त्यांनी देवीवर ढकललं, नंतर काकीवर. मी ज्या सूक्ष्म जंतूवर ढकललं, तोही एका अर्थाने त्यांच्या सोयीचाच होता.

बरे झाल्यावर ते म्हणाले, इन्सुलीला जायचं. आम्ही दोघं गेलो. काकी काजूच्या कारखान्यात जायची. हाताची बोटं काजूच्या तेलाने काळी आणि सोललेली. केस पांढरे झाले होते. तिने आम्हाला पाणी दिलं आणि जुन्या सवयीने दाराआड गेली. बाबांनी तिथूनच, भिंतीकडे बघत, सगळं सांगितलं. पाकळीसकट. मी तिला शोधायला आत बघितलं तर ती पदराने बोटं पुसत होती, जी पुसून स्वच्छ होणार नव्हती. मग ती दाराबाहेर आली, बाबांच्या समोर उभी राहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली.

"भावोजी, माका घरात येवन सांगा नको. तुमी जंय म्हटलास, थंय म्हणा. जितक्या आवाजात म्हटलास, तितक्याच आवाजात."

बाबा म्हणाले, "म्हणतंय."

"बघूया," काकी म्हणाली.

त्या वर्षीच्या जत्रेला ती आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी राहिली. बाबांनी गाऱ्हाणं सुरू केलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नेहमीचं मागणं झालं, ते थांबले, घाम पुसला... आणि म्हणाले, "कळत-नकळत आमच्याकडसून जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल म्हाराजा!" लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा!" झालं. दर गाऱ्हाण्यात हे वाक्य असतं. हजारो चुका त्यात मावतात आणि कुणाचीच चूक दिसत नाही. मी मागे वळून बघितलं तर खांबापाशी कुणी नव्हतं. काकी प्रसाद न घेता, जेवायला न थांबता गेली होती. मी धावत रस्त्यावर गेले. ती एसटीची वाट बघत उभी होती. "चुकला-माकला," ती म्हणाली. "माझो घोव चुकान-माकान गेलो काय गो?"

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तोंड उघाडलंय, पण जीभ जुन्या वाटेन गेली." मला माहीत होतं, ते पुढच्या वर्षी परत उभे राहणार. आणि मला भीती होती, की परत तेच होणार.

पुढच्या जत्रेआधी त्यांनी गावकऱ्यांच्या बैठकीत सांगून टाकलं की या वर्षी गाऱ्हाण्यात काय म्हणणार आहेत. गावात वयाने सगळ्यांत मोठे भिकाजीआजा. ते भडकले. "आत्माराम, गाराणा गावाचा आसा, तुझ्या परड्यातला न्हय! आणि कौल खोटो म्हणतलंस तर उद्या लोकांनी खंय जावचा?"

बाबा म्हणाले, "आजा, कौल खोटो म्हणणंय नाय. प्रश्नच देवीचो नव्हतो. भावाक तापान फणफणताना दवाखान्यात न्हेवचो की नाय, ह्या माणसान माणसाच्या अकलेन ठरवचा. ता मी देवीच्या माथ्यार घातलंय."

"लोक काय म्हणतले?"

"म्हणूदेत. माझ्या भावजयीक लोक इतकी वर्सा म्हणतत."

आजा उठून गेले, पण नको म्हणाले नाहीत. काकीला मी फोन केला. ती म्हणाली, "माका येवचा नाय. गेल्या वर्षी इल्लंय, बस झाला."

तर ती नव्हती तिथे. बाबा तिच्याशिवाय उभे राहिले. आवाज पूर्वीइतका उरला नव्हता, तापानंतर तो कधीच पूर्ण परतला नाही, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. गावाचं मागणं मागून झाल्यावर ते म्हणाले, "आता माझा एकट्याचा." आणि मग, "म्हाराजा, बाळाक ताप इलो तेव्हा दवाखान्यात न्हेणा माझा काम होता. ता मी करूक नाय. शेतासाठी करूक नाय. कौल मी सैल लावलंय आणि डावो मागान घेतलंय. माझो भाव माझ्यामुळे गेलो. माझ्या भावजयीचो तेच्यात तीळभर दोष नाय. तिच्यावरचो बोल मी लावलंय, ह्याच जाग्यार लावलंय. तो आज मी परत घेतंय म्हाराजा."

आणि कुणी काही म्हणालं नाही.

एवढं भरलेलं देऊळ इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. कारण "व्हय म्हाराजा" म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? होय, तुझ्यामुळे भाऊ गेला? पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. बाबा हात जोडून उभे. उत्तर आल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि उत्तर येत नव्हतं. मला म्हणायचं होतं, पण मीही बाकीच्यांकडेच बघत होते. तेवढ्यात बायकांमधून एक आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "व्हय म्हाराजा." आईचा. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि डोळे सताड उघडे ठेवून देवीकडे बघत होती. तिच्या मागून मी म्हणाले. मग भिकाजीआजा म्हणाले, खाली बघत. मग बाकीचे.

रस्त्याने घरी जाताना आई बाबांच्या चार पावलं मागे चालत होती. मला म्हणाली, "त्या वर्सा सुमनच्या बाजूसून पयली मी सरकलंय. तेव्हा नाय म्हणूक व्हया होता माका."

त्यानंतर बाबांना गाऱ्हाण्याला फारसं कुणी बोलावलं नाही. उघड नकार कुणी दिला नाही, पण नवी होडी पाण्यात घालताना, नवं दुकान उघडताना, आपल्या हातून भाऊ गेला असं सांगणारा माणूस पुढे नको असं लोकांना वाटत असेल. मला त्यांचा राग येतो आणि त्यांचं म्हणणं कळतंही. गावाने बाबांची जागा त्यांच्या चुलतभावाला दिली. बाबा ओसरीवर बसून ऐकायचे, लांबून, वाऱ्यावर येईल तेवढं. कधी कधी ओठ हलायचे. शेत त्यांनी अर्ध्या वाट्याने दुसऱ्याला दिलं. डॉक्टर बरे झालात म्हणाला होता, पण ते बरे झाले असं मला नाही वाटलं. आतलं एक ओझं उतरलं असेल, पण ते ओझं इतकी वर्षं आधारासारखं होतं की काय कोण जाणे, ते गेल्यावर माणूस वाकला. माणसं म्हणतात, मन मोकळं केलं की हलकं वाटतं. मी जवळून जे पाहिलं त्यावरून सांगते, नेहमीच वाटत नाही. तरीही करावं लागतं.

काकी आली ती चैत्रात. न कळवता, भर दुपारी. बाबा जेवायला बसले होते. आईने दुसरं ताट वाढलं आणि काकी पहिल्यांदा त्यांच्या समोर बसली. बाबांच्या हातातला घास तसाच. शेवटी काकी म्हणाली, "भावोजी, जेवा. आणि माफ केलंय म्हणान सांगा नको खंय. तसा काय झालेला नाय. जेवक इलंय, इतक्याच." बाबा म्हणाले, "इतक्या खूप झाला." आई म्हणाली, "तिका आमटी वाढ गो, बघत काय रवलंस." त्यानंतर काकी दोन-तीन महिन्यांतून एकदा यायची. माझ्या त्या खोलीत झोपायची. मी एकदा तिला म्हटलं, "ही तुझी खोली. मी शिकले ती इथे बसून, आणि मला कधी लाजही वाटली नाही." ती म्हणाली, "शिकलंस ना? मगे झाला. कोणतरी शिकला त्या खोलयेत." तिच्या बोलण्यात टोचणी होती की नव्हती, मी अजून ठरवू शकलेले नाही.

बाबा गेल्याचं कळल्यावर ती पहिल्या गाडीने आली. रडली नाही. आईजवळ बसली आणि तेरा दिवस राहिली. भेटायला येणारे पुष्कळ जण बाबांच्या आवाजाबद्दल बोलायचे, आणि मग तिच्याकडे बघून मध्येच थांबायचे. एकदा ती स्वतःच म्हणाली, "आवाज बरो होतो तेंचो. बोला, बोला."

बाबांची एक सवय आमच्या घरात राहिलीय. बरे होऊन आल्यापासून काही बिघडलं की ते आधी म्हणायचे, "ह्या माझा," म्हणजे ही चूक माझी, आणि मग बाकीचं. दूध उतू गेलं, दार उघडं राहिलं, कुणाला निरोप द्यायचा राहिला. आधी आम्हाला त्याचं हसू यायचं. मागच्या आठवड्यात लॅबमध्ये दोन नळ्यांची अदलाबदल झाली, आणि साहेबांसमोर मी "मिस्टेक झाली" म्हणायला तोंड उघडलं होतं. "मी केली," म्हणाले. नोकरी गेली नाही, बोलणी खाल्ली. दोन्ही रुग्णांना मी स्वतः फोन केले.

परवा देवळात ओटी भरायचा दिवस होता. सुतक फिटलं होतं. काकी त्यासाठी परत आली होती; ती आईबरोबर गेली, मी मागे. काकी ताट घेऊन उभी राहिली तेव्हा शेजारच्या बायकांनी तिला जागा दिली, बाजूला सरकून नव्हे, हात धरून पुढे ओढून. "पुढे ये गो सुमन, कित्याक मागे रवतंस?" कुणीतरी म्हणालं. तिने ओटी भरली. तिच्या काळ्या पडलेल्या बोटांनी नारळ नीट ठेवला, तांदूळ वाहिले, नमस्कार केला आणि मागे न बघता बाहेर आली. बाळाकाका परत आला नाही, काकीची वर्षं परत आली नाहीत, बाबांचा आवाज गेला. पण गावात आता तिच्याबद्दल तसं कुणी बोलत नाही. तिच्यावरचा खोटा बोल बाबांनी स्वतःच्या तोंडाने परत घेतला.